बॉस्टनच्या बेथ इस्रायलमधल्या नर्सेसनी काय कमावलं आणि ते कसं गेलं

१९९६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनमधली दोन हॉस्पिटलं एकत्र आली. एक बेथ इस्रायल, दुसरं न्यू इंग्लंड डीकनेस. दोन्ही हार्वर्ड मेडिकल स्कूलशी जोडलेली, दोन्ही एकाच भागात, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. एकत्र येण्याची कारणं पैशाची होती, ती पुढे सांगते. पण त्या व्यवहारात नर्सेसच्या बाबतीत जे घडलं ते नर्सिंग शिकणाऱ्या, शिकवणाऱ्या आणि वॉर्ड चालवणाऱ्या प्रत्येकीने बारकाईने पाहावं असं आहे.

त्याआधी वीस वर्षं बेथ इस्रायलकडे नर्सिंगचा नमुना म्हणून पाहिलं जात होतं. विलीनीकरणानंतर काही वर्षांतच तिथल्या जुन्या, कसलेल्या नर्सेस सांगू लागल्या की आता आम्हाला आमचे पेशंट ओळखायलाच वेळ मिळत नाही. यातल्या कित्येक नर्सेस त्याच होत्या. त्यांचं शिक्षण तेच, इमारत तीच, आजार तेच. बदलला होता तो कारभार. म्हणून नर्सची व्यावसायिक स्वायत्तता नेमकी कशाच्या आधारावर उभी असते, हे या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. एका पाळीला वॉर्डात किती नर्स असतील, त्यांच्या ड्युट्या कोण लावणार आणि नर्सिंगचा प्रमुख कुणाच्या बरोबरीने बसणार, या गोष्टी कुणाच्या हातात आहेत त्यावर नर्सची स्वायत्तता ठरते. समित्या, परिषदा, घोषणापत्रं यांचा नंबर त्यानंतर लागतो.

आधीची घडी आणि जॉइस क्लिफर्ड

बेथ इस्रायल १९१६ मध्ये बॉस्टनच्या ज्यू समाजाने उभारलं. यिद्दिश बोलणाऱ्या, कोशर जेवणाऱ्या स्थलांतरितांना आपलं वाटेल असं हॉस्पिटल हवं, ही त्यामागची गरज. १९६६ पासून डॉ. मिचेल रॅबकिन त्याचे प्रमुख होते. १९७२ मध्ये या हॉस्पिटलने पेशंटच्या हक्कांची सनद छापून पेशंटच्या हातात दिली. अमेरिकेत असं करणाऱ्या अगदी पहिल्या हॉस्पिटलांपैकी हे एक. मला ही घटना नर्सिंगच्या दृष्टीनेही मोलाची वाटते. पेशंटला हक्क आहेत असं एकदा लिहून दिलं की त्याच्या काळजीची जबाबदारी कुणावर आहे, तिचं नाव काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

जॉइस क्लिफर्ड १९७४ च्या सुमारास नर्सिंग विभागाच्या प्रमुख म्हणून आल्या. अमेरिकेतल्या बऱ्याच हॉस्पिटलांत तेव्हा काम वाटून दिलेलं असे. एका नर्सकडे औषधं, दुसरीकडे ड्रेसिंग, तिसरीकडे ताप-नाडीच्या नोंदी, आणि देखरेखीला एक वरिष्ठ. आपल्याकडच्या मोठ्या सरकारी वॉर्डात काम केलेल्या कुणालाही हे चित्र नवीन नाही. एक सिस्टर इंजेक्शनची ट्रे घेऊन पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत जाते, दुसरी बीपी घेत येते, तिसरी इंडेंट आणि डिस्चार्जच्या कागदांत अडकलेली असते. कामं सगळी होतात. पण सात नंबरच्या खाटेवरच्या आजींचं एकूण कसं चाललंय, हे संपूर्ण सांगू शकेल अशी कुणी एक नर्स त्या वॉर्डात नसते.

क्लिफर्ड यांनी प्रायमरी नर्सिंगची पद्धत सगळ्या हॉस्पिटलभर आणली. ही पद्धत मिनेसोटा विद्यापीठाच्या हॉस्पिटलमध्ये १९६९ मध्ये मेरी मॅन्थी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केली होती. पेशंट दाखल झाला की एका नोंदणीकृत नर्सकडे त्याची जबाबदारी येते आणि डिस्चार्जपर्यंत तिच्याकडेच राहते, चोवीस तास. ती ड्युटीवर नसताना इतर नर्सेस तिने आखलेल्या योजनेप्रमाणे काळजी घेतात. योजना बदलायची तर तिच्याशी बोलतात. डॉक्टरही पेशंटबद्दल तिच्याशीच बोलतात.

एक उदाहरण घेऊ. सत्तरीच्या बाई, खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशनला दोन दिवस झालेत. त्यांना पहिल्यांदा खुर्चीत कधी बसवायचं, फिजिओथेरपिस्ट यायच्या किती आधी दुखण्याची गोळी द्यायची म्हणजे त्या खरोखर उभ्या राहतील, रात्री कूस किती वेळाने बदलायची, त्या अचानक काहीबाही बोलू लागल्या तर ते झोप न झाल्यामुळे की औषधामुळे, लघवीची नळी आता काढता येईल का, घरी सून आहे की एकट्या राहतात, संडास भारतीय की कमोड. यातल्या बहुतेक गोष्टींना डॉक्टरची ऑर्डर लागत नाही. लागते ती पेशंटला ओळखणारी, निर्णय घ्यायची मुभा असलेली आणि त्या निर्णयाबद्दल जाब देणारी नर्स. नर्सिंगमधली स्वायत्तता म्हणजे हीच. नर्सला डॉक्टर व्हायचंय असा जो अर्थ काही जण काढतात तो मला अत्यंत चुकीचा वाटतो. त्या आजींना जंतुसंसर्ग, शय्याव्रण किंवा पुन्हा पडणं यापासून वाचवणारे निर्णय बहुतांशी नर्सच्याच कामाचे असतात, आणि ते वेळेवर झाले नाहीत तर उत्तम ऑपरेशनही वाया जातं.

क्लिफर्ड यांचं मोठं काम मात्र वॉर्डात दिसणाऱ्या पद्धतीच्या मागे होतं. त्यांचं पद 'नर्स-इन-चीफ' असं होतं, म्हणजे मेडिसिन आणि सर्जरीच्या प्रमुखांच्या नावांना तोलून ठेवलेलं, आणि त्या हॉस्पिटलच्या उपाध्यक्षही होत्या. पैसा आणि मनुष्यबळ जिथे ठरतं तिथे नर्सिंग थेट बसत होतं. वरून खाली चालणारी देखरेखीची उतरंड त्यांनी कमी केली, युनिटच्या प्रमुख नर्सकडे त्या युनिटचा खरा कारभार दिला आणि खाटेजवळच्या नर्सकडे पेशंटचे निर्णय. वॉर्डातल्या नर्सला सकाळच्या राउंडला डॉक्टरसमोर ठामपणे बोलता येत होतं याचं एक कारण तिचं ज्ञान. दुसरं कारण असं की ती बोलल्यावर तिच्यामागे उभं राहणारी साखळी अगदी वरपर्यंत अखंड होती.

शेअर्ड गव्हर्नन्सशी याचा संबंध

त्याच काळात अमेरिकेत शेअर्ड गव्हर्नन्सचा, म्हणजे कारभारात नर्सेसचाही हक्काचा वाटा असण्याचा, विचार आकार घेत होता. शिकागोच्या रश हॉस्पिटलमध्ये ल्यूथर ख्रिसमन यांनी १९७० च्या दशकात, डॉक्टरांचा जसा स्वतःचा कारभार असतो तसा नर्सेसचाही असावा, हे तत्त्व प्रत्यक्षात आणलं. १९८० च्या दशकात टिम पोर्टर-ओग्रेडी यांनी त्याला रीतसर मांडणी दिली. नर्सिंगची कार्यपद्धती, दर्जा, शिक्षण आणि व्यवस्थापन यांसाठी परिषदा, त्यांत खाटेजवळ काम करणाऱ्या नर्सेस आणि त्यांच्या अखत्यारीतले निर्णय अंतिम.

बेथ इस्रायलचा नमुना या अर्थाने परिषदांवर उभारलेला नव्हता. तिथे एका कर्तबगार नेत्याने अधिकार खाली सोपवला होता. हा फरक पुढे फार महागात पडला असं मला वाटतं.

रॉबर्ट हेस यांनी १९९८ मध्ये नर्सिंगचा कारभार मोजायची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ८६ बाबी आहेत. प्रत्येकीपुढे एकच गोष्ट विचारलेली असते: हे कोण ठरवतं? फक्त व्यवस्थापन, फक्त नर्सेस, की दोघं मिळून? कार्यपद्धती कोण ठरवतं हा तिच्यातला एक भाग. त्याशिवाय माणसांच्या नेमणुका, माहिती कुणाला मिळते, साधनसामग्री, निर्णयातला सहभाग, उद्दिष्टं आणि तंटे कसे सोडवायचे, असे भाग आहेत. एकूण गुण ८६ ते ४३०, आणि १७३ ते ३४४ मध्ये आलात तर कारभार खऱ्या अर्थाने वाटून घेतलेला. मला ही प्रश्नावली आवडते ती यासाठी की स्वायत्ततेच्या गप्पांना ती नेमणुका आणि पैशापर्यंत ओढून नेते. ज्या हॉस्पिटलात नर्सेसची परिषद हात धुण्याचं पोस्टर ठरवते पण रिकाम्या जागांचा आकडाही तिला कळत नाही, तिथे गुण कुठे अडकणार हे उघड आहे.

या सगळ्यामागे पुरावाही होता. नर्सटंचाईच्या काळात काही हॉस्पिटलांना नर्सेस सहज मिळतात आणि टिकतात, ते कशामुळे, याचा शोध अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने घेतला आणि १९८३ मध्ये ४१ 'मॅग्नेट' हॉस्पिटलं निवडली. त्यांच्यात सारखेपणा होता तो नर्सिंगप्रमुखाच्या स्थानात, वॉर्डपातळीवर सोपवलेल्या अधिकारात आणि पुरेशा मनुष्यबळात. पुढे १९९४ मध्ये लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी यातल्या ३९ हॉस्पिटलांची तुलना १९५ तशाच इतर हॉस्पिटलांशी केली. मॅग्नेट हॉस्पिटलांत मेडिकेअरच्या (अमेरिकेतल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) पेशंटचं मृत्यूचं प्रमाण ४.६ टक्क्यांनी कमी निघालं. नर्सला मान मिळावा ही मागणी भावनेची वाटत असेल त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

भिंतीला आधीच गेलेले तडे

बेथ इस्रायलची कहाणी सांगताना सगळा दोष १९९६ वर टाकायची पद्धत आहे. मला ते अर्धवट वाटतं. १९८३ पासून मेडिकेअर हॉस्पिटलांना आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम देऊ लागलं. पेशंट जितका लवकर घरी जाईल तितकं हॉस्पिटलचं हित. मुक्काम घटत गेला. जो पेशंट पूर्वी दहा दिवस राहायचा तो चार दिवसांत जाऊ लागला, आणि राहायचा तेवढे दिवस जास्त आजारी असायचा.

आता यात बारा-बारा तासांच्या पाळ्या मिळवा. आठवड्यात तीन दिवस काम करणारी नर्स आणि चार दिवस राहणारा पेशंट. प्रायमरी नर्सची आणि तिच्या पेशंटची गाठ कदाचित एकदाच पडणार. 'माझा पेशंट' म्हणायचं कुणाला? चोवीस तासांची जबाबदारी कागदावर राहते, पण ती निभावायला लागणारी ओळख जमायच्या आत पेशंट घरी पोचलेला असतो. विलीनीकरण झालं नसतं तरी हा प्रश्न तिथे येणारच होता. तो सोडवायला पाळ्यांची रचना बदलण्याचा अधिकार नर्सेसकडेच हवा होता, आणि नेमका तोच त्यांच्या हातून जात होता.

विलीनीकरण

१९९४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स ही बॉस्टनची दोन बलाढ्य हॉस्पिटलं पार्टनर्स या नावाखाली एकत्र आली होती. विमा कंपन्या दर पाडून मागत होत्या. एकट्याने टिकणं कठीण, या हिशेबाने बेथ इस्रायल आणि डीकनेस यांनी हात मिळवले आणि केअरग्रुप नावाच्या समूहात गेले. वर्षभरात अमेरिकी संसदेचा १९९७ चा अर्थसंकल्प समतोल कायदा आला आणि मेडिकेअरची देणी आणखी कापली गेली. नव्या संस्थेचा तोटा वर्षामागून वर्ष कोट्यवधी डॉलरचा झाला.

दोन हॉस्पिटलांच्या नर्सिंगच्या रीती वेगळ्या होत्या. डीकनेसची स्थापना १८९६ मध्ये मेथडिस्ट सेविकांनी केलेली, म्हणजे रुग्णसेवेची परंपरा तिथेही जुनी आणि अभिमानाची. एका बाजूच्या नर्सला दुसऱ्या बाजूची पद्धत आपल्यावर लादली जातेय असं वाटणं स्वाभाविक होतं. अशा वेळी दोन्हीकडच्या नर्सेसनी बसून आपली पद्धत ठरवावी याला वेळ, विश्वास आणि पैसा लागतो. तिन्हींचा तुटवडा होता.

विलीनीकरणानंतर तिथल्या नर्सेसच्या मुलाखती घेऊन समाजशास्त्रज्ञ डाना बेथ वाइनबर्ग यांनी केलेला अभ्यास २००३ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यातून दिसतं ते असं. नर्सिंगचा एकसंध विभाग विस्कटला, वरच्या टेबलावरचा त्याचा आवाज क्षीण झाला. युनिटच्या प्रमुख नर्सेसवर जास्त पसारा आला, त्यामुळे त्या वॉर्डात कमी आणि मीटिंगांमध्ये जास्त दिसू लागल्या. मदतनीस कमी, पेशंट जास्त. क्लिफर्ड १९९९ मध्ये बाहेर पडल्या.

माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकी गोष्ट ही की कुठेही 'प्रायमरी नर्सिंग आजपासून बंद' असा हुकूम काढावा लागला नाही. तशी गरजच नव्हती. सहा पेशंट अंगावर असलेल्या नर्सला दोघांची औषधं उशिरा होताहेत आणि तिसऱ्याला ताप आलाय, तेव्हा ती चौथ्याच्या लेकीशी घरच्या व्यवस्थेबद्दल बोलायला बसत नाही. ती कामं उरकते. पेशंटबद्दल तिला जे माहीत नाही त्यावर ती राउंडला मत देत नाही. डॉक्टर तिला विचारायचं सोडतात. असं काही महिने चाललं की नव्याने आलेल्या नर्सला कधी असं विचारलं जात असे हेही कळत नाही. स्वायत्तता अशी, कुणी न काढून घेता, जाते.

यावर नर्सेसनी आवाज उठवला. पण त्यांचा विरोध हा बदलाला होणारा नेहमीचा विरोध आहे, हळूहळू सवय होईल, असं समजणं व्यवस्थापनाला सोपं होतं. तिथल्या नर्सेसची कामगार संघटना नव्हती. लेखी अधिकार असलेली, जिचा निर्णय व्यवस्थापनाला मानावाच लागेल अशी परिषदही नव्हती. त्यांच्याकडे होती ती एका नेत्यावरची आणि एका संस्कृतीवरची निष्ठा. नेता गेला, संस्कृती दोन इमारतींत वाटली गेली, आणि हक्क म्हणून दाखवायला हातात कागद उरला नाही. क्लिफर्ड यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. तरीही त्यांनी सोपवलेले अधिकार संस्थेच्या नियमांत पक्के झाले नाहीत, ही या प्रकरणातली सर्वांत मोठी उणीव आहे असं मी म्हणेन.

२००२ च्या जानेवारीत पॉल लेव्ही प्रमुख झाले तेव्हा हॉस्पिटल एखाद्या नफ्याच्या कंपनीला विकलं जाण्याच्या बेतात होतं. त्यांनी ते सावरलं. नर्सेसनी नोकरी सोडण्याचं प्रमाण ते आले तेव्हा १५-१६ टक्के होतं, ते २००४ च्या मध्यापर्यंत ३ टक्क्यांवर आलं. ही सुधारणा खरी आणि मोठी आहे. पण नोकरीत टिकणं आणि पेशंटचे निर्णय हातात असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मोजली जाते, दुसरी मोजायला हेस यांच्यासारखी प्रश्नावली घेऊन नर्सेसकडेच जावं लागतं.

आपल्याकडून पाहताना

मुंबईच्या केईएमचं एक उदाहरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग हल्ल्यात मेंदूला इजा होऊन कायमच्या अंथरुणाला खिळल्या; त्यांची काळजी तिथल्या नर्सेसनी १९७३ ते २०१५, पिढ्यान्‌पिढ्या घेतली. त्यांना हॉस्पिटलातून हलवण्याचा विचार झाला तेव्हा नर्सेसनी तो हाणून पाडला. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण रात्रंदिवस काळजी त्यांनी घेतली होती. पेशंटला ओळखण्यातून येणारा अधिकार म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार? पण तो अधिकार एका खाटेपुरता होता. शेजारच्या वॉर्डात रात्रपाळीला किती जणी असाव्यात हे त्याच नर्सेसच्या हातात नव्हतं.

भारतीय परिचर्या परिषदेचा जुना निकष अध्यापन रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच पेशंटमागे एक असा आहे, वर रजा राखीव ३० टक्के. रात्री चाळीस खाटांच्या वॉर्डात दोघी असतात तेव्हा हा निकष कुठे राहतो ते सगळ्यांना माहीत आहे. अधिसेविका ड्युट्या लावते, पण आहेत तेवढ्याच माणसांच्या. मंजूर पदं भरायची की नाही हे मंत्रालयात ठरतं. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या परिचारिका बाह्य संस्थेमार्फत भरतीच्या विरोधात संपावर गेल्या तेव्हा बातम्यांत तो नोकरीचा आणि पगाराचा प्रश्न म्हणून आला. तो स्वायत्ततेचाही प्रश्न होता. अकरा महिन्यांच्या करारावर आलेली मुलगी सर्जनला "सर, ही नळी आज काढायला हवी" असं कितीदा सांगेल?

खाजगी हॉस्पिटलांत हल्ली एनएबीएच या हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या मानांकनामुळे नर्सिंग समित्या झाल्या आहेत आणि ते चांगलं आहे. अशा समितीवर असलेल्या सिस्टरांना मी एवढंच सुचवेन की पहिल्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर तीन कागद मागून घ्या: आपल्या वॉर्डाची मंजूर आणि भरलेली पदं, गेल्या महिन्याचा पाळीनिहाय पेशंट-नर्स तक्ता, आणि समितीने घेतलेला कुठला निर्णय कुणाच्या सहीविना लागू होतो याचा लेखी नियम. तिसरा कागद बहुधा अस्तित्वात नसेल. मग तो तयार करून घेणं हेच पहिल्या वर्षाचं काम. सुरुवात लहान चालेल. मूत्रमार्गाची नळी ठरलेले निकष पूर्ण होताच नर्सने स्वतः काढावी, एवढा एक नियम डॉक्टरांशी बसून ठरवता येतो. अशा नियमांनी नळी राहण्याचे दिवस आणि संसर्ग दोन्ही घटतात, हे अनेक ठिकाणी दिसलं आहे. तो नियम हॉस्पिटलच्या कार्यपद्धतीच्या पुस्तकात, वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका दोघांच्या सहीने छापून घ्यावा, म्हणजे अधीक्षक बदलले, मालक बदलले तरी वॉर्डातल्या सिस्टरला तो पान उघडून दाखवता येईल.